हॅलोवीन स्नॅक बोर्ड : १४ माणसं, भुतं शक्यतो शाकाहारी

आवली_एडिसन
यंदा ३१ ऑक्टोबर शनिवारी आलाय. दुपारी चारला सगळे जमतील, सहाच्या सुमारास अंधार पडायला लागला की मुलं ट्रिक ऑर ट्रीटला (भुतांची सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागायला) बाहेर पडतील. आठ मोठी माणसं, सहा मुलं. धाकटं दोन वर्षांचं, थोरलं अकराचं. पाच जण शाकाहारी, त्यातले दोघं अंडंही खात नाहीत. एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.

पूर्ण जेवण नको, टेबलावर मधोमध एकच मोठा बोर्ड मांडायचा आहे. इंटरनेटवर फोटो ढिगाने आहेत, पण सगळ्यात तेच: ढीगभर कँडी, प्लास्टिकचे कोळी आणि खायला काहीच नाही. पोट भरेल, भुताटकीही दिसेल आणि दीड तास टिकेल असं काय ठेवावं? किती लागेल? आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल?

पावकिलो
आधी हिशेब करा, मग सजावट.

चीज मोठ्यांना माणशी ५०-६० ग्रॅम, मुलांना त्याच्या निम्मं. एकूण ६०० ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे ८ औंसांचे तीन ठोकळे. क्रॅकर्स माणशी सात धरून शंभर. डिप मोठ्यांना पाव कप, मुलांना दोन टेबलस्पून. दीड-दीड कपाची दोन डिप पुरतात. गरम पदार्थ माणशी तीन, म्हणजे चाळीसएक नग. फळं माणशी अर्धा कप. गोड माणशी दोनच नग ठेवा, कारण रात्री पिशवीभर कँडी घरी येणारच आहे.

एवढं सगळं नेहमीच्या चीज बोर्डवर मावत नाही. ओव्हनचा १३ × १८ इंची ट्रे घ्या आणि त्यावर काळा किंवा तपकिरी कागद न घालता साधा पार्चमेंट पेपर घाला. रंगीत क्राफ्ट पेपर ओला झाला की रंग सोडतो.

नाकतोडा
शंभर क्रॅकर्स? चौदा भुतं येणार आहेत की चौदा वऱ्हाडी?

पावकिलो
@नाकतोडा, डिप आहे म्हटल्यावर सात काहीच नाहीत. उरले तर डब्यात जातात. संपले तर लोक चमच्याने डिप खातात.

दगडी_जातं
बोर्ड फसतो तो एकाच कारणाने: ओलं आणि कोरडं शेजारी ठेवलं जातं. द्राक्षं, डाळिंब, काकडी यांच्या बाजूला ठेवलेले क्रॅकर्स आणि प्रेट्झेल अर्ध्या तासात वातड होतात. फोटो पहिल्या मिनिटाला काढलेला असतो, त्यामुळे फोटोत हे कळत नाही.

ट्रेवर आधी वाट्या ठेवा: दोन डिप, एक डाळिंबाचे दाणे, एक ऑलिव्ह. त्या जागेवर बसल्या की वाट्यांच्या एका अंगाला भाज्या-फळं, दुसऱ्या अंगाला चीज, आणि चीजच्या पलीकडे क्रॅकर्स. चीज मधली भिंत होते. कापलेलं प्रत्येक फळ पेपर टॉवेलवर किमान दहा मिनिटं कोरडं करूनच ट्रेवर आणा.

आणि ते खायच्या साखरेचे डोळे सगळ्यात शेवटी, पाहुणे बूट काढत असताना लावा. ओल्या पृष्ठभागावर साखर विरघळते आणि काळी बाहुली खाली ओघळते. रडकी भुतं हवी असतील तर गोष्ट वेगळी.

फ्रीमाँटकर
मम्मीशिवाय (पिठाच्या पट्ट्या गुंडाळून इजिप्तच्या ममीसारखा केलेला पदार्थ) बोर्ड नाही. सॉसेजऐवजी पनीर वापरा, सगळेच खातात.

पनीरच्या बोटाएवढ्या कांड्या कापा (७-८ सेंमी लांब, दीड सेंमी जाड), टिपून कोरड्या करा. तिखट, हळद, धने-जिरे पूड, मीठ, थोडं तेल चोळा. दही नको. तव्यावर दोन मिनिटं परता आणि पूर्ण गार करा. क्रेसेंट रोलचा (तयार कच्च्या पिठाचा) आठ औंसांचा डबा आणा, त्यातही त्रिकोण न पाडलेली अखंड शीट मिळाली तर उत्तम. पिझ्झा कटरने पाव इंची पट्ट्या कापा आणि वेड्यावाकड्या गुंडाळा, डोळ्यांसाठी फट सोडा. ३७५ फॅरनहाइटला (१९० सेल्सियस) १२ ते १४ मिनिटं.

फसण्याच्या जागा तीन. पनीर गरम असेल तर पिठातलं फॅट वितळतं, पट्ट्या सुटतात. पीठ फ्रिजबाहेर जास्त राहिलं तर चिकटतं. तसं झालंच तर ट्रे दहा मिनिटं फ्रीझरमध्ये. आणि पट्ट्या एकमेकींवर चढल्या तर आतला थर कच्चा राहतो, थोडी मोकळी जागा ठेवा. वरून एग वॉश (फेटलेल्या अंड्याचा हात) नको, दुधाचा हात पुरतो. डोळे भाजल्यावर, मोहरीच्या सॉसचे ठिपके देऊन.

चौथी_शिट्टी
पनीरऐवजी बटाटेवड्याचं सारण लांबट वळून घातलं तरी चालतं. सारण घट्ट हवं, बटाटे कुकरमध्ये पाण्यात न शिजवता वाफेवर शिजवलेले. लसूण-मिरची मुलांच्या बेताने. दोन्ही प्रकार केले तर सारणाच्या मम्मीला एकच डोळा द्या, ओळखायला सोपं.

नाकतोडा
एकाक्ष मम्मी. छान.

ओली_भेळ
आठवड्याभरात दिवाळी आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. फराळाची तयारी चालूच असेल. मग चकली बोर्डवर का नको? आयतं कोळ्याचं जाळं! गाठ्यांची हाडं, शेवेचे चेटकिणीचे केस, मखान्याची भुतं. मखान्यावर खायच्या मार्करने दोन ठिपके काढले की भूत तयार.

दगडी_जातं
मखाना मान्य. तुपावर मंद आचेवर दहा मिनिटं कुरकुरीत होईपर्यंत भाजा, गार झाल्यावरच ठिपके, नाहीतर शाई पसरते. चकली स्वतःच्या वाटीत, खाली कागद. डिपशेजारी नको.

सोलकढी_जर्सी
फराळाला माझा विरोध. हॅलोवीन म्हणजे हॅलोवीन, दिवाळी म्हणजे दिवाळी. चकलीला जाळं म्हटल्याने ती भुताची होत नाही, आणि देवापुढे ठेवण्याआधी फराळ उष्टा करणं अनेक घरांत चालत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. धाग्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी लिहिली आहे आणि नऊ प्रतिसादांत कुणी त्याकडे पाहिलं नाही. चिवडा, शेव, चकली बऱ्याचदा एकाच कढईत, एकाच तेलात तळतात. कोणाकडून विकत आणलेल्या घरगुती फराळावर घटकांचं लेबल नसतं. त्या मुलासाठी हा नुसता "चिवडा बाजूला काढ" इतका सोपा प्रश्न नाही.

ओली_भेळ
@सोलकढी_जर्सी, अ‍ॅलर्जीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मग चकली घरी, ताज्या तेलात, पहिल्या घाण्याची करायची आणि चिवडा त्या दिवशी टेबलावर आणायचाच नाही. नैवेद्याचं म्हणाल तर ते ज्याच्या त्याच्या घरचं.

आवली_एडिसन
चिवडा रद्द. चकलीचं घरी विचारून ठरवते. सोलकढी, अ‍ॅलर्जीबद्दल अजून लिहाल का? बाकी मंडळी सजावटीत रमली आहेत.

सोलकढी_जर्सी
लिहिते.

अमेरिकेत लेबलवर नऊ प्रमुख अ‍ॅलर्जेन लिहिणं बंधनकारक आहे: दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, काजू-बदामवर्गीय, शेंगदाणे, गहू, सोया आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. पण "मे कंटेन" (अमुक घटक असू शकतो) ही ओळ ऐच्छिक असते. ती नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही. हॅलोवीनची छोटी पाकिटं आणि त्याच चॉकलेटचं मोठं पाकीट यांचे घटक वेगळे असू शकतात, वेगळ्या कारखान्यात बनल्यामुळे. म्हणून प्रत्येक पाकीट उलटून वाचा आणि पार्टी संपेपर्यंत रॅपर टाकू नका. मुलाच्या आईला ते स्वतः वाचायचे असतात.

एकाच बोर्डवर "शेंगदाणे त्या कोपऱ्यात" हे चालत नाही. मुलांचे हात सगळीकडे फिरतात. शेंगदाणा घरातच नको. सफरचंदाच्या राक्षसी तोंडांसाठी सगळीकडे पीनट बटर सांगतात, तिथे सूर्यफुलाच्या बियांचं बटर घ्या. मोठ्यांनी दुपारी घरी शेंगदाणे खाल्ले असतील तर येताना साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरने अ‍ॅलर्जेन जात नाही.

दारावर निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेली घरं मुलाला आधीच दाखवून ठेवा. फूड अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या फेअर संस्थेने २०१४ पासून देशभर हा उपक्रम चालवलाय. त्या घरी खाऊशिवाय दुसरं काहीतरी मिळतं: स्टिकर, पेन्सिल, चमकत्या काड्या.

मिनेसोटाचा_गारठा
दोन वर्षांच्या बाळाचंही तेच. अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, गोल कापलेलं सॉसेज, कडक कँडी, मार्शमेलो, हे सगळं घशात अडकणारं आहे आणि सगळं हॅलोवीन बोर्डवर हमखास असतं. द्राक्षं उभी चार तुकड्यांत कापा. पॉपकॉर्न चार वर्षांखाली नाहीच. लिचीत ऑलिव्ह भरून "डोळे" करतात ते मोठ्यांच्या टेबलावर ठेवा.

बाळाची वेगळी ताटली सरळ मांडा: किसलेलं चीज, मऊ संत्र्याच्या फोडी, मम्मीचा तुकडा. आणि प्लास्टिकचे कोळी, पॉलिस्टरचं खोटं जाळं खाण्याच्या आसपासही नको. त्या जाळ्याचे धागे चीजला चिकटतात. बटण बॅटरीचे छोटे दिवे तर अजिबात नकोत.

नाकतोडा
आता बोर्डवर काय उरलं? एक मम्मी आणि एक माहितीपत्रक?

फ्रीमाँटकर
:हाहा: उरलंय की. जाळ्याचं डिप घ्या, सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त वाहवा.

काळ्या घेवड्याचा १५ औंसांचा डबा निथळून घ्या (रिफ्राइड बीन्स घेणार असाल तर लेबल वाचा, काहींत डुकराची चरबी असते). त्यात लसणाची एक पाकळी, जिरेपूड, लिंबू, दोन चमचे तेल घालून वाटा. एका डब्याचं साधारण दीड कप डिप होतं. पसरट वाटीत सपाट करा. तीन टेबलस्पून सावर क्रीममध्ये एक-दोन चमचे दूध घालून धार पडेल इतपत सैल करा, झिप बॅगेत भरून कोपरा कापा, मधून सुरुवात करून चार-पाच वर्तुळं काढा. टूथपिकने मधून बाहेर आठ रेघा ओढा, प्रत्येक रेघेनंतर टूथपिक पुसा. बाहेरून आत ओढलं तर जाळ्याऐवजी फूल होतं.

कोळी: बी नसलेलं काळं ऑलिव्ह उभं कापा. एक अर्ध पालथं म्हणजे अंग, दुसऱ्या अर्धाच्या आठ बारीक चिरा म्हणजे पाय, चार-चार दोन्हीकडे.

चौथी_शिट्टी
सावर क्रीमऐवजी चक्का घोटून घ्या. सावर क्रीम तासाभराने पाणी सोडतं आणि रेघा पुसट होतात, चक्का धरून राहतो.

कोथरूडी
आमच्या सोसायटीतही हल्ली हे हॅलोवीन सुरू झालंय. क्रेसेंट रोल इथे सहज मिळत नाही. पर्याय? आणि मुळात आपल्याला हे भुतंखेतं कशाला हवीत हाही प्रश्न आहेच.

फ्रीमाँटकर
फ्रोझन पफ पेस्ट्री घ्या. फ्रिजमध्ये हळूहळू मऊ होऊ द्या, २०० सेल्सियसला १५ ते २० मिनिटं. ती फुगते म्हणून पट्ट्या आणखी बारीक कापा. पुण्यात दुपारी गरम असेल तर दुधाचे पदार्थ बाहेर ठेवण्याची वेळही कमी होते.

मिनेसोटाचा_गारठा
वेळेचं नक्की सांगतो: नाशवंत पदार्थ खोलीत दोन तास, तापमान ९० फॅरनहाइटच्या (३२ सेल्सियस) वर असेल तर एकच तास. चार ते साडेपाचच्या पार्टीत हे बसतं, पण "मुलं परत आल्यावर उरलेलं खातील" यात बसत नाही. म्हणून डिप दोन-दोन वाट्यांत करा. एक बाहेर, एक फ्रिजमध्ये.

दगडी_जातं
@कोथरूडी, भुतंखेतं आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिकडचे लोक अमेरिकेत आले, इथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा. तिकडच्या हॅलोवीनच्या गोड पावात, बार्मब्रॅकमध्ये, अंगठी लपवतात. दोन वर्षांच्या मुलाच्या पार्टीत ती कल्पना उचलू नका म्हणजे झालं.

सोलकढी_जर्सी
सर्वपित्रीला कावळ्याची वाट पाहणाऱ्यांनी मुलांच्या कागदी वटवाघळांना घाबरू नये एवढंच म्हणते. आता परत बोर्डकडे.

आवली_एडिसन
हो, परत बोर्डकडे. आतापर्यंत पनीर मम्मी, जाळ्याचं डिप, मखाना भुतं पक्की. नारिंगी आणि काळा रंग कशाने आणू? खायचा कोळसा घालून काळे बन करतात ते बघितले. स्ट्रॉबेरीची भुतंही.

दगडी_जातं
कोळसा नको. औषधं घेणारं कुणी असेल तर तो औषध शोषून घेतो. काळं हवं तर काळी द्राक्षं, काळे ऑलिव्ह, ब्लॅकबेरी, ब्लॅक कोको. काळे तीळही छान, फक्त वर लिहिलेल्या नऊमध्ये तीळ आहेत. हमसमध्येही (काबुली चण्याचं डिप) ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट असते. एकदा विचारून घ्या.

नारिंगी तर या मोसमात फुकट मिळतं: गाजर, नारिंगी ढोबळी मिरची, चेडर, सोललेली छोटी संत्री (वर सेलरीचा अर्धा इंच तुकडा खोचला की भोपळा). नारिंगी ढोबळी मिरचीचं झाकण कापून, पुढे तोंड कोरून आत हमस भरतात. तोंड वरच्या अर्ध्यातच कोरा आणि हमस त्याच्या खालपर्यंतच भरा, नाहीतर भूत ओकतं.

ओली_भेळ
काही जण ते मुद्दाम करतात. ग्वाकामोले ओकणारा भोपळा. मुलांना भयंकर आवडतो, आज्यांना नाही.

पावकिलो
स्ट्रॉबेरी ऑक्टोबरअखेर इकडे महाग आणि पाणचट. त्याच पैशात डाळिंब घ्या, ऐन मोसम आहे, आणि लाल दाणे चीजवर विखुरले की रक्ताचं काम भागतं.

स्ट्रॉबेरीच करायची तर धुऊन तासभर पूर्ण वाळवा. पाण्याचा एक थेंब पांढऱ्या चॉकलेटमध्ये गेला की ते घट्ट रवाळ गोळा होतं. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी ढवळा. सैल करायला खोबरेल तेल, पाणी किंवा दूध नाही. रंग द्यायचा तर तेलातला, नेहमीचा जेल रंग पाण्यातला असतो आणि तोच गोळा पुन्हा होतो.

चौथी_शिट्टी
सफरचंदाचं तोंड स्ट्रॉबेरीपेक्षा बरं. लाल सफरचंदाच्या फोडी, एक कप पाण्यात पाव चमचा मीठ घालून दहा मिनिटं बुडवा, धुऊन कोरड्या करा. दोन-तीन तास काळ्या पडत नाहीत आणि लिंबासारख्या आंबटही लागत नाहीत. दोन फोडींमध्ये सूर्यफूल बटर, दातांना पांढऱ्या चीजचे बारीक तुकडे. मार्शमेलोचे दात लावू नका, प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. कँडी कॉर्नमध्येही बहुतेक वेळा असतंच.

सोलकढी_जर्सी
जिलेटिनचं निघालं म्हणून, चीजमधल्या रेनेटचंही (दूध घट्ट करायला घालतात ते) बघा. अस्सल पार्मेजानो रेजानोत वासराच्या पोटातलं रेनेट असतंच. लेबलवर "मायक्रोबियल" किंवा "व्हेजिटेबल" लिहिलेलं घ्या. काही शाकाहारी हे पाळतात, काही नाही. पण विचारलेलं बरं.

ओली_भेळ
चेटकिणीचे झाडू राहिले! स्ट्रिंग चीजच्या कांडीचे तीन तुकडे. प्रत्येकाच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला चिरा देऊन झुबका मोकळा करा, वरून प्रेट्झेलची काडी खुपसा, चाइव्हच्या (बारीक कांद्याच्या पातीसारखी असते) पातीने बांधा. पात गरम पाण्यात दहा सेकंद बुडवली की तुटत नाही. हे साडेतीनलाच करायचं, आधी केलं तर प्रेट्झेल ओलावा ओढून मऊ पडतं.

नाकतोडा
पेय कुणीच बोललं नाही. कढईत ड्राय आइस टाकून धूर?

मिनेसोटाचा_गारठा
ड्राय आइस उणे ७८ सेल्सियसचा असतो. पेल्यात कधीही नाही. मोठ्या काळ्या कढईत ड्राय आइस आणि कोमट पाणी, तिच्यात वेगळं भांडं, त्या भांड्यात पेय. हाताळायला जाड हातमोजे, खिडकी उघडी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा नाही. दोन वर्षांचं मूल टेबलाला लोंबकळत असेल तर हा कार्यक्रमच रद्द करा.

फ्रीमाँटकर
त्याऐवजी पाणीपुरीचं हिरवं पाणी काळ्या भांड्यात. पुदिना-कोथिंबीर बर्फ घालून वाटा, लिंबू वाढतानाच पिळा. आंबट आधी घातलं की हिरवा रंग शेवाळी होतो. तुमच्याच बाबतीत शेवाळी चालेल म्हणा. गोड चटणीत बिटाचा रस घातला की रक्त.

आवली_एडिसन
पाणीपुरी! हे डोक्यातच आलं नव्हतं. मग आदल्या दिवशी काय काय होईल?

पावकिलो
शुक्रवारी: घेवड्याचं डिप (जाळं नाही), गोड चटणी, मखाना भाजून डबाबंद, भाज्या कापून ओल्या पेपर टॉवेलमध्ये, डाळिंब सोलून, पनीर परतून गार. मम्मी गुंडाळून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण रात्रभर नको, पीठ ओलं होतं. शनिवारी सकाळी गुंडाळा. एकला चीज कापून फ्रिजमध्ये ठेवा, तीनला सफरचंद कापा. साडेतीनला वाट्या आणि फळं मांडा, जाळं काढा. तेव्हाच मम्मी ओव्हनमध्ये आणि झाडू. क्रॅकर्स सगळ्यात शेवटी. मम्मी ट्रेवर एकदम चाळीस नको, वीस ठेवा, वीस ओव्हनमध्ये २०० फॅरनहाइटला गरम.

कोथरूडी
कोरलेल्या भोपळ्याचे घारगे होतात का? फेकवत नाही.

चौथी_शिट्टी
कोरायचा मोठा भोपळा पाणचट, धागेदार आणि फिका असतो, आणि दिवा लावून रात्रभर बाहेर ठेवलेला तर खायचाच नाही. घारग्यांना छोटा शुगर पाय भोपळा (खायचा, गोडसर जातीचा) आणा: एक कप कीस, पाऊण कप गूळ, शिजवून गार करा, मावेल तेवढी कणीक, दोन चमचे तांदळाची पिठी, चिमूट मीठ, वेलची. पाणी अजिबात नाही.

मोठ्या भोपळ्याच्या बिया मात्र ठेवा, कोरण्याच्या दिवशीच काढून. धुऊन मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यावर वाळवा, तेल-तिखट लावून ३५० फॅरनहाइटला १५-२० मिनिटं, मधे एकदा हलवा. न वाळवता घातल्या तर भाजत नाहीत, वाफवतात आणि चिवट होतात.

नाकतोडा
बियांवर पण डोळे काढायचे का?